कोठीची खोली

अमरावतीच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथलं वेळापत्रक गेली अठरा वर्षं मीच करते. बावीस वर्ग, एकतीस शिक्षक, आणि त्या एकतिसातल्या प्रत्येकाला शेवटचा तास नको असतो. कोणालाच आवडत नव्हतं म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि मला जमतं म्हणून माझ्याकडेच राहिलं. त्यामुळे सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला तेवीस माणसांनी थीम पार्कला जायचं ठरलं, तेव्हा कोण कुठे झोपेल हे ठरवायचं काम मला न विचारता माझ्याकडे देण्यात आलं. चौकोनच तर भरायचे आहेत, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं.

थीम पार्क का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मूळ बेत साधा होता. सासूबाईंना वाटत होतं की सगळ्यांनी सकाळी मोझरीला जावं, समाधीचं दर्शन घ्यावं, जेवण करावं आणि दिवेलागणीला घरी यावं. नातवंडांनी हे ऐकून घेतलं आणि फोनमध्ये डोकं घातलं. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं दिवाळीनंतर पुण्याकडच्या एका मोठ्या पार्कला जायची कल्पना काढली आणि आजोबांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात चाळीसेक माणसं उलटी टांगलेली होती आणि ओरडत होती.

सासऱ्यांनी तो दोनदा पाहिला. मग विचारलं, हे लोक पैसे देऊन ओरडून राहिले काय? मुलगी हो म्हणाली. सासरे म्हणाले, मंग चाला.

पार्कच्या फाटकाच्या आतच त्यांचं राहायचं हॉटेल होतं. मुलीनं पुण्याहून खोल्यांचा नकाशा पाठवला आणि मी नवरात्रात, उपासाच्या साबुदाण्यावर, चौकोन आखायला बसले. आठ खोल्या, एका खोलीत तीन माणसं, लहान पोरं वरून. शाळेत निदान माणसं अडचणी लेखी देतात. सासरे घोरतात आणि त्यांना खाली बसायचा संडास चालत नाही. सासूबाईंना पंखा चार नंबरच्या वर सोसत नाही. वरूडच्या चुलतदिराची तीन मुलं एका खोलीत राहू शकत नाहीत आणि दोन खोल्यांत राहायला तयार नाहीत. अंजनगावच्या चुलतसासूबाई उत्तरेकडे डोकं करून झोपत नाहीत आणि हॉटेलच्या नकाशावर उत्तर दाखवलेली नव्हती. मी हॉटेलला फोन करून उत्तर कुठे आहे ते विचारलं. तिथल्या मुलीनं मला थांबायला सांगितलं, बराच वेळ गाणं ऐकवलं आणि मग फोन बंद झाला.

सगळ्यात वर जावईबुवा. माझ्या नणंदेचे यजमान, अकोल्याला खता-बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं. लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी आमच्याकडे ते अजून कालच मांडवातून उठल्यासारखे येतात. स्वभावानं गरीब आहेत, कधी काही मागत नाहीत. ते मागत नाहीत म्हणूनच सगळं अवघड होतं, कारण त्यांना काय हवं असेल ते इतरांनी ओळखायचं असतं आणि ओळखण्यात चूक झाली तर ती नणंद सांगते. त्यांना मी तळमजला नको, लिफ्टजवळ नको, रस्त्याकडची नको, अशी शोधून एक खोली दिली.

आणि आत्या. सासऱ्यांची धाकटी बहीण, वय अडुसष्ट. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि अकरा महिन्यांत ती परत आली. का, ते कोणी सांगत नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून ती याच घरात आहे. तोंडावर मी तिला अहो म्हणते, पण मागे घरातले सगळे तिला अगं-तुगंच करतात, आणि आता लिहितानाही माझ्या हातून तसंच होतं आहे. एवढी जुनी सवय लिहिताना सुटत नाही.

आत्याचं काय, ती कुठंही झोपेल. हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या लग्नात ऐकलं, आणि नंतर प्रत्येक लग्नात, बारशात, गंगापूजनात. ते खरं मात्र नव्हतं. आत्या कुठंही झोपत नाही. ती कोठीत झोपते.

आमच्याकडे लग्नघरी एक खोली कोठीची असते. तेलाची पिंपं, साखरेची पोती, तूप, लाडूंचे डबे, आहेराचं सामान, सगळं तिथे. तिची किल्ली एकाच बाईच्या कमरेला असते, आणि ती बाई अशी लागते जिला मांडवात मिरवायचं नसतं, विहिणींशी बोलायचं नसतं आणि जिला कोणी शोधत नसतं. आमच्या घरात ती किल्ली चाळीस वर्षं आत्याकडे आहे. ती दोन पोत्यांच्या मधे गोधडी टाकून झोपते. पहाटे तीनला कोणाला चहाची साखर लागली की दार वाजतं आणि ती उठून देते. सकाळी सासरे विचारतात, लाडू किती राह्यले, आणि ती डबा न उघडता आकडा सांगते. तो आकडा कधी चुकलेला नाही.

कोठीचे नियम कोणी लिहिलेले नाहीत, पण कडक आहेत. कोठीला आतून कडी लावायची नाही, कारण कोणाला कधी काय लागेल सांगता येत नाही. आणि कोठीत जावयाला न्यायचं नाही. किती उरलं आणि किती संपलं हे जावयाला दिसू नये, हे त्यामागचं कारण. सासऱ्यांच्या चुलत घरी एकदा अंजनगावच्या लग्नात जागा पुरली नाही म्हणून एका जावयाची खाट कोठीच्या दाराशी टाकली होती. तो न जेवता पहिल्या एसटीनं निघून गेला. ती गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात.

मी यादीशी झटत होते त्या दिवसांत, एका दुपारी आत्या माझ्या टेबलाशी आली. हातात सोलायच्या लसणाचं सूप होतं. तिनं कागदावरचे चौकोन पाहिले. घरात बाकी सगळ्यांनी मला आपापली अडचण सांगितली होती, तिनं काहीच सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

"मले एक मागाचं होतं," ती म्हणाली. "पलंग. खिडकी. अन् दाराले आतून कडी. दोन राती. बस."

मी म्हटलं, देते. त्यात काय. ती लसूण घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि मी पुन्हा चौकोनांकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तेवीस माणसांच्या यादीतली बावीस माणसं मी बसवली होती. तेविसाव्याचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असाच राहून जातो. सगळं झालं की आठवतो आणि मग शनिवारी शेवटी टाकायचा असतो.

त्यानंतर मी यादी सहा वेळा केली. पहिल्यांदा आत्याला सासू-सासऱ्यांच्या खोलीत टाकलं. मग तिथे थोरला नातू गेला. मग तिला नणंदेच्या मुलींबरोबर टाकलं, तर मुली म्हणाल्या की आत्याआजी पाचला उठते आणि दिवा लावते. मग वरूडकरांच्या खोलीत जमिनीवर गादी. प्रत्येक वेळी खोडून पुढे लिहिताना मला तिची मागणी आठवत होती आणि प्रत्येक वेळी मी म्हणत होते की शेवटी काहीतरी करू.

शेवटी केलं ते सासूबाईंनी. त्यांनी सहावी यादी चष्मा लावून वाचली आणि विचारलं, यात कोठी कुठं हाये?

मी विचारलं, कसली कोठी. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. तेवीस माणसं, तीन दिवस, नुकतीच दिवाळी होऊन गेलेली असणार. चिवडा, शेव, चकल्या, अनारसे, बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, ठेचा, लोणचं, वरूडहून संत्र्यांच्या दोन पेट्या. हे काय लोकांच्या पलंगाखाली ठेवायचं? प्रश्न बिनतोड होता. निदान त्या दिवशी मला तसा वाटला. मी पुण्याला फोन करून मुलीला नववी खोली घ्यायला सांगितली.

"आई, तू चिवड्यासाठी रूम बुक करते आहेस?" मुलीनं विचारलं.

मी म्हटलं, फक्त चिवड्यासाठी नाही. आणि फोन ठेवला.

नवव्या खोलीच्या चौकोनात मी लिहिलं: कोठी, आत्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कोठी झाली आणि आत्यालाही पलंग मिळाला, खिडकी मिळाली. मी ती यादी तिला दाखवली. तिनं चौकोनावर बोट ठेवून वाचलं.

"म्हंजे डबे राहतीन तिथं मी," ती म्हणाली.

मी सांगितलं की हॉटेलची खोली आहे, मोठा पलंग असतो, पांढरी चादर असते. कडीबद्दल मी बोलले नाही, कारण दर तासाला लाडू मागायला येणारी पोरं, चहाला येणाऱ्या बायका आणि ओले कपडे वाळत घालायला येणारं अख्खं घराणं मला समोर दिसत होतं. तिलाही दिसत असणार. ती बरं म्हणाली. ते बरं मी ओळखते. शनिवारचा शेवटचा तास मिळालेला शिक्षक तसाच म्हणतो. मला माझी लाज वाटली, लाज वाटली की मला राग येतो, आणि त्या रागात मी नवऱ्याला गाडीच्या हवेवरून पुष्कळ बोलले.

भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या दिवशी पहाटे बस निघाली. अमरावतीहून सरळ मोठ्या रस्त्याला लागता आलं असतं, पण जावईबुवांना अकोल्याला त्यांच्या दारातून घ्यायचं होतं. बसथांब्यावर या असं जावयाला म्हणता येत नाही. त्यामुळे आम्ही अकोल्याला गेलो, चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला आणि दोन तासांनी प्रवास जिथून सुरू व्हायचा तिथे जवळपास परत आलो. आत्या सगळ्यात मागच्या आडव्या बाकावर बसली होती. डब्यांच्या पोत्यांना तिनं पायानं टेकू दिला होता, की वळणावर घसरू नयेत.

संध्याकाळी आम्ही पार्कच्या फाटकाशी पोचलो आणि तिथल्या पहारेकऱ्यानं आमचं सामान उघडलं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, अशी पाटी होती. मुलीनं ती पाटी इंटरनेटवर वाचलेली होती, पण मला सांगायचा तिला धीर झाला नव्हता. सासूबाईंनी पहारेकऱ्याला समजावलं की हे बाहेरचं नाही, घरचं आहे. त्याच्यावर याचा परिणाम झाला नाही. सतरा डबे आणि संत्र्यांच्या दोन पेट्या उतरवून घेतल्या गेल्या, पावती मिळाली, आणि सगळं फाटकाशेजारच्या एका पत्र्याच्या खोलीत गेलं.

त्या खोलीत लोकांचे असेच डबे, बाटल्या, पिशव्या रचून ठेवलेल्या होत्या आणि मधे एक म्हातारा माणूस खुर्ची टाकून बसला होता. किल्ल्या त्याच्या पट्ट्याला अडकवलेल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, यायची बी कोठी हाये. आत्यानं त्या माणसाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिच्या खांद्याच्या झोळीत एक छोटा स्टीलचा डबा होता. पहारेकऱ्यानं तो हातात घेतला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत झोळीत ठेवला.

हॉटेलच्या काउंटरवर प्रत्येक खोली एकेका माणसाच्या नावावर लिहायची होती. आधार कार्ड, सही, मग किल्ली. आठ खोल्यांच्या सह्या झाल्या. नवव्या खोलीला काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, नाव? मी आत्याला पुढे केलं. तिच्या आधार कार्डावर पत्त्यात भावाचं नाव होतं, वर तिचं स्वतःचं नाव होतं आणि आता सही करायची होती. तिनं पेन हातात घेऊन आधी मला विचारलं, कुठं करू. मग सावकाश, एकेक अक्षर वेगळं ठेवत, सही केली. अडुसष्टाव्या वर्षापर्यंत तिच्या नावावर कुठली खोली झालेली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मागे सासरे घाई करत होते.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर टोकाला निघाली. मोठा पलंग, पांढरी चादर, चार उशा, आणि एक अख्खी भिंत काचेची. काचेतून पार्कचा मोठा पाळणा दिसत होता. दाराला आतून कडी होती, वर एक साखळीही होती. मी बाहेर उभी राहून पाहत होते. आत्यानं झोळी खाली ठेवली, पलंगाच्या कडेला अगदी थोडी टेकली आणि हातानं चादर चाचपली. डबे नव्हते. मला वाटलं, देवानंच ही खोली तिला दिली, त्यात माझं काही नाही.

पाच मिनिटांत नणंद आली. त्यांच्या खोलीच्या खिडकीबाहेर जनरेटर होता. मी रस्ता टाळला होता, लिफ्ट टाळली होती, जनरेटर नकाशावर नव्हता. जावईबुवा काही म्हणत नव्हते. ते व्हरांड्यात बॅग हातात धरून उभे होते, आणि बॅग खाली न ठेवणारा जावई म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. सासरे खोलीतून बाहेर आले. त्यांच्या पंचाहत्तरीला जावई व्हरांड्यात उभा होता. त्यांचं तोंड उतरलं.

तोडगा सगळ्यांना एकदमच सुचला. कोठीचे डबे फाटकावर गेले, म्हणजे ती खोली आता मोकळीच. ती जावयांना द्यायची. "अन् आत्याचं काय," सासूबाई म्हणाल्या, "ती कुठंबी झोपीन."

दार उघडंच होतं. मी आत पाहिलं. आत्याला कोणी काही विचारलं नव्हतं, कोणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं, आणि ती उठून उभी राहिली होती. झोळी खांद्याला लावली होती. टेकल्याची जी घडी चादरीवर पडली होती ती ती हातानं सारखी करत होती.

मला इतका राग आला की माझे कान तापले. राग सासूबाईंचा नव्हता, नणंदेचा तर नव्हताच. ते वाक्य माझ्याही जिभेवर तयार होतं, सासूबाईंनी फक्त आधी म्हटलं. पण रागानं जावयाची खोली बदलत नाही. आत्याचं वय, आत्याचे कष्ट, आत्यानं मागितलेलं, यातलं काहीही त्या व्हरांड्यात चाललं नसतं. तिथे चालेल अशी एकच गोष्ट मला माहीत होती.

मी विचारलं, "जावयाले कोठीत झोपवता काय?"

नणंदेनं हळू आवाजात म्हटलं की कोठी कुठे राहिली आता, डबे तर फाटकावर आहेत. मी म्हटलं, एक डबा आत आहे. डबा आहे तोवर कोठी आहे. अंजनगावच्या लग्नात काय झालं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

अंजनगावचं नाव निघताच सासऱ्यांचा चेहरा बदलला. त्यांनी दारात वाकून बहिणीला विचारलं, त्या डब्यात काय आहे. त्या डब्यात काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. आत्यानं झोळीतून तो काढला आणि पलंगाशेजारच्या टेबलावर, दिव्याखाली, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"लाडू," ती म्हणाली.

सासऱ्यांनी सवयीनं विचारलं, किती.

"एकवीस."

डबा एवढासा होता. त्यात एकवीस लाडू मावणार नाहीत हे कोणालाही दिसलं असतं, पण कोठीचा आकडा आत्यानं सांगितला की तो आमच्या घरात तपासत नाहीत. जावईबुवा दारापासून दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. ते म्हणाले की जनरेटरचा काही त्रास नाही, उलट आवाज असला की झोप चांगली लागते. हे खोटं होतं आणि फार सभ्य होतं. मी माझी किल्ली त्यांना दिली आणि त्यांची घेतली. आमच्या खोलीतून तलाव दिसत होता. माझा नवरा खाली बसमधून बॅगा काढत होता. त्याला हा बदल जनरेटर सुरू झाल्यावर कळला.

सगळे पांगल्यावर मी आत्याला म्हटलं, "आता कडी लावा." तिनं माझ्याकडे पाहिलं, दार लोटलं, आणि मी व्हरांड्यात उभी राहून कडीचा आवाज ऐकला. मग साखळीचाही.

दुसऱ्या दिवशी पार्कमध्ये सगळं ठरल्याप्रमाणे झालं, म्हणजे काहीच ठरल्याप्रमाणे झालं नाही. सासऱ्यांना उलटं टांगणाऱ्या पाळण्यात वयामुळे बसू दिलं नाही. ते त्याच्या खाली बाकावर बसून तासभर लोकांचं ओरडणं ऐकत राहिले आणि उठताना म्हणाले की येणं वसूल झालं. वरूडची तिन्ही मुलं कृत्रिम बर्फात हरवली आणि सापडली. आत्या दहाला आली, मोठ्या पाळण्यात दोनदा बसली, एकटीच, आणि दोन वाजता मी जाते म्हणून परत गेली. चपला कोण सांभाळणार, बॅगांपाशी कोण बसणार, असे प्रश्न त्यानंतर दिवसभर निघत राहिले. शेवटी बॅगांपाशी सासूबाई बसल्या. त्यांना ते जमलं नाही, एक टॉवेल गेला.

संध्याकाळी ओले कपडे घेऊन दोघी-तिघी टोकाच्या खोलीकडे निघाल्या, त्यांना मी जिन्यातच अडवलं. कोठी बंद आहे, म्हटलं. का, असं कोणी विचारलं नाही. बहुतेक माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं नाही.

निघायच्या सकाळी मी तिच्या दारावर टकटक केली. आतून आवाज आला, कोन हाये? इतक्या वर्षांत आत्यानं दार उघडण्याआधी कोण आहे असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी नातं सांगितलं. साखळी निघाली, कडी निघाली.

तिनं पलंग आवरून ठेवला होता, हॉटेलवाल्यांपेक्षा नीट. तो डबा खिडकीशी उघडा होता. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, एक कंगवा, सुईदोरा, चष्म्याची जादा काडी आणि घडी केलेली हॉटेलची पावती, जिच्यावर तिचं नाव छापलं होतं. मी पाहिलं हे तिनं पाहिलं आणि झाकण लावलं.

मी विचारलं, झोप लागली का.

"पयल्या राती नाई आली," ती म्हणाली. "दोनदा उठून दार पाह्यलं. मले वाटे का कोनी हाक मारून राह्यलं. कडी काढून पाहो, तं कोनीच नाई." ती काचेबाहेरच्या बंद पाळण्याकडे पाहत होती. "मंग ध्यानात आलं का इथं मी कोनाले लागत नाई. रडू आलं थोडं. अन् मंग अशी झोपली का सकायी पोट्टे ओरडले तवाच उठली."

मी तिची झोळी उचलली. तिनं ती माझ्या हातातून परत घेतली आणि म्हणाली, "माघात अकोल्याचं लग्न हाये. यादी तूच करशीन. मले खोली लिहिजो." मी म्हटलं, लिहीन. मग कोठीत कोणाला टाकायचं हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि उत्तरात माझंच नाव आलं, आणि ते उत्तर मला आवडलं नाही.

फाटकाशी बस थांबली. पावती दाखवून आम्ही सतरा डबे आणि दोन पेट्या सोडवून घ्यायला गेलो. तोच म्हातारा खुर्चीवर होता. आत्यानं डबे उतरताना मोजले, मग त्याला विचारलं, रात्री झोपता कुठं. तो म्हणाला, इथंच, डब्यांपाशी. कोणी रात्री-बेरात्री येतं, दूध मागतं, औषध मागतं, उठावं लागतं.

आत्या त्या पत्र्याच्या खोलीत शिरली. उघड्या दाराच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं, हात फिरवला. कडी नव्हती. ती बाहेर आली, बेसनाच्या लाडूंचा मोठा डबा तिनं खाली बसून उघडला आणि त्या माणसासमोर वर्तमानपत्र पसरून त्यावर लाडू ठेवत गेली. सासरे बसच्या पायरीवरून पाहत होते. त्यांनी विचारलं, किती दिले.

आत्या म्हणाली, मोजले नाहीत.